छोट्या गावानं स्वतःची पवनचक्की उभारायची तर आधी काय तपासायचं, पैसे कधी गोळा करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव चार-पाच हजार वस्तीचं. शेजारच्या टेकडीवर वारा चांगला आहे असं सगळेच सांगतात. दोन बैठका झाल्या, लोक उत्साहात आहेत. एका विक्रेत्यानं २ मेगावॅटच्या टर्बाइनचं दरपत्रक दिलंय आणि दुसरीकडून जुनी टर्बाइन निम्म्याहून कमी भावात मिळतेय. यातली कुठली घ्यावी, आणि लोकांना शेअर आताच विकायला काढावेत का?

दोन्हींना माझं उत्तर सध्या तरी ‘थांबा’ असं आहे. टर्बाइनची निवड हा या कामातला जवळजवळ शेवटचा निर्णय. तो घेताना हातात वाऱ्याची मोजणी, वीजजोडणीचं लेखी उत्तर आणि वीज घेणाऱ्याची तयारी असायला हवी. यातलं एकही नसताना दरपत्रकांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

पवनऊर्जेतली मोठी कंपनी एकाच वेळी अनेक जागा चाचपते आणि त्यातल्या बऱ्याचशा सोडून देते. तिचा धंदाच तसा चालतो. गावाकडे मात्र एकच टेकडी असते. बैठकांत भाषणं झालेली असतात, नावाचा फलकही कुणाच्या तरी डोक्यात तयार असतो, आणि मग नकोसे आकडे समोर आले तरी माणसं तिकडे काणाडोळा करतात. म्हणून पहिलं वर्षभर एकच काम करा असं मी सांगतो: हा प्रकल्प होऊ न देणारं कारण कुठं दडलंय का, ते कमीत कमी पैशांत शोधा. सापडलं तर थांबा. फार काही गेलेलं नसेल. नाही सापडलं तर पुढच्या, जरा महाग तपासणीला हात घाला.

बहुतेक लोक वाऱ्यापासून सुरुवात करतात. मी तारेपासून करायला सांगतो, कारण ती चौकशी जवळपास फुकट होते. जवळचं उपकेंद्र किती लांब आहे? तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर किती क्षमता शिल्लक आहे? तुमच्या आधी रांगेत किती प्रकल्प आहेत? आणि गावाला येणाऱ्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर, मध्यरात्री कमीत कमी भार किती असतो? हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. टर्बाइन रात्री दोन वाजताही पूर्ण जोरात फिरेल, पण गाव तेव्हा झोपलेलं असेल. उरलेली वीज उलटी उपकेंद्राकडे निघते. फीडर लांबलचक आणि बारीक तारेचा असला की टर्बाइनच्या टोकाला व्होल्टेज चढतं, संरक्षण यंत्रणा टर्बाइनला ग्रिडपासून तोडते, आणि ऐन वाऱ्यात उत्पादन बंद. यावर उपाय आहेत. जाड तार टाकता येते, स्वतंत्र फीडर काढता येतो, व्होल्टेज सांभाळणारी उपकरणं बसवता येतात, किंवा ठरावीक वेळी उत्पादन कमी करायची अट मान्य करता येते. पण प्रत्येक उपायाला पैसे लागतात. दहा टर्बाइनच्या प्रकल्पाला आठ-दहा किलोमीटरची नवी वाहिनी पेलवते. एका टर्बाइनला ती बहुधा बुडवते.

वीज कंपनीतल्या कुणी ‘होऊन जाईल हो’ म्हटलं, तर त्याला काडीची किंमत देऊ नका. लेखी प्राथमिक अभ्यास मागा. त्यात किती क्षमतेला आणि कुठल्या व्होल्टेजवर जोडणी मिळेल, वाहिनीचा आणि उपकेंद्रातल्या बदलांचा खर्च कुणावर, उत्पादन कपातीची अट आहे का, कपात झाली तर भरपाई मिळते का, आणि ही जागा तुमच्यासाठी किती महिने राखून ठेवतात, हे सगळं आलं पाहिजे. मुदतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण वाऱ्याची मोजणी वर्षभर चालते आणि तोवर जोडणीची मुदत संपून जाऊ शकते.

इथंच एक गैरसमजही काढून टाकतो. वर्षाची बेरीज जुळली म्हणजे गाव ग्रिडपासून मोकळं झालं असं होत नाही. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात रॉक पोर्ट नावाचं हजार-दीड हजार वस्तीचं गाव आहे. २००८ मध्ये तिथं १.२५ मेगावॅटच्या चार टर्बाइन लागल्या आणि वर्षाच्या हिशेबात गावाच्या वापराहून जास्त वीज तयार होऊ लागली. तरी वारा पडला की गावाला वीज ग्रिडमधूनच येते. शिवाय त्या टर्बाइन खासगी विकासकानं उभ्या केल्या होत्या. गावापुरती वीज तयार होते म्हणजे प्रकल्प गावाचा झाला, असं नव्हे.

आता वाऱ्याकडे येऊ. गावातल्या जुन्या माणसांना वारा कुठून येतो, कुठल्या महिन्यात जोर धरतो, कुठल्या घळीत घुसतो हे नेमकं माहीत असतं. ते जरूर विचारून घ्या. पण त्यावरून वीज किती होईल हे काढता येत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर आणि ७ मीटर हा फरक अंगाला जाणवणारही नाही, पण ७ मीटरच्या वाऱ्यात जवळपास ५९ टक्के जास्त ऊर्जा असते. टर्बाइनचं उत्पादन तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, कारण सेकंदाला साधारण १२ मीटरच्या आसपास ती पूर्ण क्षमतेला पोचते आणि त्यापुढे तिथंच थांबते, आणि सुमारे २५ मीटरला स्वतःला बंद करून घेते. तरीही सरासरीतला एक मीटरचा फरक प्रकल्प तारतो किंवा मारतो.

पहिली चाळणी म्हणून ‘ग्लोबल विंड ॲटलस’ बघा. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठानं जागतिक बँकेसोबत तयार केलेला हा नकाशा फुकट आहे. टर्बाइनच्या उंचीवर त्यात सरासरी सेकंदाला साडेपाच मीटरच्या खाली दिसत असेल तर मी तरी पुढं जाणार नाही. साडेसहाच्या वर असेल तर मोजणीवर पैसे घालायला हरकत नाही. मधल्या पट्ट्यात विजेचा दर काय मिळतो त्यावर सगळं ठरतं. पण नकाशाच्या भरवशावर कर्ज मात्र कुणी देत नाही आणि देऊही नये.

‘जवळच्या हवामान केंद्राची नोंद आहे की, मग मोजायचं कशाला?’ असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच. त्याला हा हिशेब दाखवा. केंद्राची नोंद १० मीटर उंचीवरची आहे आणि सरासरी निघाली सेकंदाला ४.५ मीटर, असं धरा. टर्बाइनचा आस, म्हणजे पाती ज्याभोवती फिरतात तो मध्य, ८० मीटरवर. उंचीबरोबर वेग किती वाढतो हे जमिनीच्या खडबडीतपणावर अवलंबून असतं, आणि त्यासाठी एक घातांक वापरतात. सपाट मोकळ्या माळाला तो ०.१४ च्या आसपास असतो; झाडं, घरं, कुंपणं असलेल्या भागात ०.२५ किंवा त्याहून जास्त. पहिला धरला तर ८० मीटरवर वेग येतो ६ मीटर. दुसरा धरला तर साडेसात. दोन्ही वेगांतल्या ऊर्जेत दुपटीचा फरक! एकाच नोंदीवरून आशावादी माणूस आणि निराशावादी माणूस आपापल्याला हवं ते सिद्ध करू शकतो. आणि हवामान केंद्र बहुतेकदा इमारतींच्या आडोशाला असतं, ते वेगळंच.

म्हणून टेकडीवरच, नेमक्या जागेवर, मोजायचं. मास्ट, म्हणजे मोजणीचा खांब, टर्बाइनच्या आसाइतका उंच असला तर उत्तम, नाहीतर निदान त्याच्या दोन-तृतीयांश. वेगवेगळ्या उंचीवर ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र), दिशा दाखवणारं यंत्र, तापमान आणि हवेचा दाब. सलग बारा महिने तरी, म्हणजे सगळे ऋतू येतात. ॲनिमोमीटर कॅलिब्रेट केलेला आहे याचं प्रमाणपत्र मागा आणि वरच्या पातळीवर दोन बसवा, कारण एक बिघडला आणि तीन महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं फार वेळा होतं. दर आठवड्याला माहिती उतरवून आलेख बघायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका. गावातला विज्ञानाचा शिक्षक हे काम सल्लागारापेक्षा मन लावून करतो. मास्टऐवजी जमिनीवर ठेवायचं लायडार यंत्र भाड्यानं मिळतं; ते लेझरनं वरच्या थरांतला वारा मोजतं. सपाट जागी ते छान चालतं, चढउताराच्या टेकडीवर त्याच्या आकड्यांना दुरुस्ती लावावी लागते.

बारा महिन्यांचे आकडे आले तरी काम संपत नाही. ते वर्ष जोराच्या वाऱ्याचं होतं की वारा पडलेलं, हे कळायला ते शेजारच्या दीर्घकाळच्या नोंदींशी ताडून बघतात. त्यातून निघतो तो अंदाज ‘पी-५०’ म्हणून सांगतात, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या वर जाण्याची शक्यता निम्मी आणि खाली जाण्याचीही निम्मी. विक्रेता नेहमी हाच आकडा दाखवतो. बँक बघते ‘पी-९०’, म्हणजे दहापैकी नऊ वेळा निदान इतकं तरी होईलच असा आकडा. २ मेगावॅटची टर्बाइन २५ टक्के क्षमता-वापरावर, म्हणजे वर्षभर पूर्ण जोरात फिरली असती तर झाली असती त्याच्या चौथा भाग धरला तर, वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट देते. अंदाजातली अनिश्चितता १२ टक्के असेल तर पी-९० येतो ३७ लाखांच्या आसपास. गावाला बैठकीत ४४ सांगायचे आणि बँकेत ३७, असं करू नका. ३७ लाख युनिटांवर कर्जाचा हप्ता सुटतो का, आणि सुटून वर थोडं उरतं का, हाच प्रश्न सगळ्यांसमोर मांडा. हे आकडे पात्यांवरची धूळ, बिघाडातला वेळ, तारेतली गळती वजा करून काढले आहेत ना, तेही विचारा. या वजावटी मिळून १० ते १५ टक्के सहज जातात.

छपरावरच्या छोट्या पवनचक्क्यांबद्दलही तुमच्या बैठकीत कुणीतरी बोललं असेलच. वस्तीतला वारा अडखळत, गिरक्या घेत येतो. एखाद्या इमारतीचा उपद्रव तिच्या उंचीच्या दुप्पट वरपर्यंत आणि वाऱ्याच्या दिशेनं वीसपट लांबपर्यंत धरून चालावं. त्या पैशांत सौर पॅनेल लावा. आणि कुणी पत्रकात वाऱ्यातली ७० टक्के ऊर्जा पकडतो असं लिहिलं असेल तर ते पत्रक तिथंच बाजूला ठेवा. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झनं मांडलेली ५९.३ टक्क्यांची मर्यादा उघड्या वाऱ्यातल्या कुठल्याही चक्कीला लागू आहे, आणि चांगली टर्बाइनही तिच्या बरीच खाली राहते.

वीज घेणार कोण, हे मोजणी चालू असतानाच बघायला लागा. या बाबतीत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या हल या किनारी गावाची स्थिती हेवा वाटावा अशी होती. त्या गावाची वीजवितरण व्यवस्था नगराच्याच मालकीची. २००१ मध्ये त्यांनी ६६० किलोवॅटची टर्बाइन शाळेशेजारी उभी केली आणि वीज सरळ आपल्याच जाळ्यात घेतली. गिऱ्हाईक शोधायला जावंच लागलं नाही. २००६ मध्ये १.८ मेगावॅटची दुसरी टर्बाइन बंद झालेल्या कचरा डेपोवर उभी राहिली. तुमच्या हाती वितरण नसेल तर पर्याय थोडेच उरतात: वितरण कंपनीला ठरलेल्या दरानं विकायची, एखाद्या मोठ्या कारखान्याशी थेट करार करायचा, किंवा नियम परवानगी देत असतील तर गावाच्या पाणीपंपांना आणि सार्वजनिक इमारतींना तिचा हिशेब लावून घ्यायचा. पाणीपंपांचा विचार जरूर करा. टाकी मोठी असेल तर वारा असेल तेव्हा पंप चालवता येतात, आणि गावाच्या वापरातला हा भाग वेळ पाळून बसणारा नसतो.

वीज खरेदी करारात मी आधी मुदत बघतो. कर्ज बारा वर्षांचं आणि करार सात वर्षांचा असेल तर शेवटची पाच वर्षं तुम्ही अंधारात उडी मारताय. मग दर वाढत जातो की स्थिर आहे, खरेदीदारानं वीज घ्यायला नकार दिला तर काय, आणि पैसे थकले तर हमी कुणाची.

शेजाऱ्यांचा प्रश्न लोक शेवटी काढतात. प्रकल्प मोडतात ते मात्र बऱ्याचदा इथंच, आणि मोडतात ते आवाजामुळे कमी, अपमानामुळे जास्त. टर्बाइन ज्याच्या जमिनीवर त्याला दरवर्षी भाडं. बांधापलीकडच्या माणसाला तीच सावली, तोच आवाज आणि हातात काही नाही. ही विषमता गाव विसरत नाही. म्हणून भाड्याची एकूण रक्कम ठरवून ती अंतरानुसार आसपासच्या सगळ्या जमीनमालकांत वाटायची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. मूळ मालक कुरकुर करतो, करू द्या. आणि तोच मालक जर तुमच्या समितीत बसत असेल तर भाड्याच्या चर्चेवेळी त्यानं बाहेर जायचं, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नंतर सांगितलं की ते त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं.

आवाज मोजून नकाशावर दाखवता येतो. कुठल्या घराजवळ किती डेसिबल येईल याच्या रेषा काढून त्या भिंतीवर लावा, आणि रात्रीच्या शांततेतला आकडा लावा, दिवसाच्या गजबजाटातला नको. फिरत्या पात्यांची सावली खिडकीतून लुकलुकत येते, तिचाही तासांत हिशेब होतो. जर्मनीत एखाद्या घरावर ती वर्षाला ३० तासांपेक्षा आणि दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त पडू नये असा दंडक पाळतात, आणि टर्बाइनच्या नियंत्रणात घड्याळ बसवून ठरावीक मिनिटं ती थांबवता येते. वटवाघळं कमी वाऱ्याच्या उबदार रात्री उडतात. अशा रात्री टर्बाइन सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाच्या आत फिरूच दिली नाही तर त्यांचे मृत्यू लक्षणीय घटतात, आणि वीज फारच थोडी बुडते, कारण त्या वेगाला ती तयारच कमी होत असते. मोठ्या शिकारी पक्ष्यांचा ये-जा मार्ग टेकडीवरून जात असेल तर मात्र असा सोपा उपाय नाही. जागा बदला.

टर्बाइन कशी दिसेल याचं चित्र दाखवताना सर्वांत वाईट कोनातलं दाखवा. कोपनहेगनच्या बंदराबाहेर मिडलग्रुंडेनला सुरुवातीच्या आराखड्यात तीन रांगांत २७ टर्बाइन होत्या. लोकांनी हरकती घेतल्या, आराखडा बदलला, आणि २००० मध्ये एकाच वक्र ओळीत २ मेगावॅटच्या २० टर्बाइन उभ्या राहिल्या. निम्मा प्रकल्प वीज कंपनीचा, निम्मा सहकारी संस्थेचा, आणि संस्थेचे सभासद आठ हजारांहून जास्त. तिथली शेअरची पद्धत मला फार आवडते. संस्थेच्या वाट्याचे ४०,५०० भाग केले, आणि एक भाग म्हणजे वर्षाला साधारण १,००० युनिट वीज. माणसाला आपण काय विकत घेतोय हे लगेच कळतं. ‘माझं घर वर्षाला तीन हजार युनिट वापरतं, तर तीन भाग घेऊ’ असा विचार चौथी शिकलेली आजीही करू शकते.

आता तुमचा मूळ प्रश्न: शेअर आताच विकावेत का? नाही. पैसा दोन हप्त्यांत उभा करायचा, आणि दोन्हींची जातच वेगळी आहे हे लोकांना सांगायचं. पहिला पैसा छोटा: जोडणीचा अभ्यास, वाऱ्याची मोजणी, जमिनीचा करार, वकील, पर्यावरण तपासणी. तो बुडू शकतो. अर्जावरच ठळक लिहा की प्रकल्प झाला नाही तर ही रक्कम परत मिळणार नाही. झाला तर तिचे शेअरमध्ये रूपांतर करताना जोखमीबद्दल काही अधिक द्या. हा पैसा ज्यांना बुडाला तरी चालेल अशा थोड्या लोकांकडून, एखाद्या अनुदानातून किंवा नगराच्या निधीतून यावा. ज्या कुटुंबाची ती एकमेव शिल्लक आहे त्याच्याकडून घेऊच नका, ते कितीही आग्रह करोत. दुसरा, मोठा पैसा परवानग्या, जोडणी, वीज खरेदी करार आणि पी-९० अहवाल हातात आल्यावर. तेव्हा जोखीम बरीच उतरलेली असते. शेअर विक्रीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आणि कडक असतात. सनदी लेखापाल आणि वकिलाला विचारल्याशिवाय एक पावतीही फाडू नका.

मालकीचा एकच साचा नसतो. डेन्मार्कमधलं साम्सो बेट १९९७ च्या स्पर्धेतून अक्षय ऊर्जेचं बेट म्हणून निवडलं गेलं. तिथं जमिनीवर १ मेगावॅटच्या ११ टर्बाइन लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा शेतकऱ्यांनी वैयक्तिक मालकीत घेतल्या आणि दोन सहकारी पद्धतीनं. नंतर समुद्रात लागलेल्या १० पैकी ५ नगरपालिकेच्या. तुमच्याकडेही नगर, सहकारी संस्था आणि दोन-चार मोठे गुंतवणूकदार असं मिश्रण चालेल. माझा आग्रह दोनच गोष्टींचा असतो: एका सभासदाला एकच मत, त्याच्याकडे शेअर कितीही असोत, आणि एका माणसानं किती शेअर घ्यायचे याला वरची मर्यादा. पहिले दोन-तीन महिने विक्री फक्त गावातल्या आणि लगतच्या वस्तीतल्या लोकांना खुली ठेवा. डेन्मार्कच्या २००९ पासून लागू झालेल्या कायद्यात तर नव्या टर्बाइनचा निदान २० टक्के हिस्सा स्थानिकांना देऊ करणं बंधनकारक होतं, आणि ४.५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना त्यात अग्रहक्क होता. ज्यांना एकही शेअर परवडत नाही त्यांच्यासाठी उत्पन्नातला ठरावीक भाग गावाच्या कामांसाठी बाजूला काढा, आणि तो नफ्यावर नव्हे तर विकलेल्या युनिटवर बांधा. नफा कागदावर नाहीसा करता येतो, मीटर वाचता येतं.

खर्चाच्या अंदाजपत्रकात टर्बाइनची किंमत साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असते. उरलेला भाग एकट्या टर्बाइनला फार जड जातो, आणि त्यात सर्वांत फसवी बाब क्रेन. ती येते कित्येक ट्रेलर भरून, जोडायला दिवस लागतात, आणि एक टर्बाइन उभी करा की दहा, ती आणण्या-नेण्याचा खर्च तोच. पाती पन्नास मीटरच्या आसपास लांब; रस्त्याचं एकेक वळण, पूल, वीजवाहिनीची उंची आधी मोजून यावी लागते. एका वळणावरचं घर आडवं आलं म्हणून लहान पात्यांची टर्बाइन निवडावी लागू शकते. पाया एका दमात, न थांबता ओतायचा असतो, तोही शेकडो घनमीटर काँक्रीटचा. जवळ तेवढं काँक्रीट पुरवणारा कुणी आहे का, हे आधी बघा. जवळपास दुसरं गाव अशाच विचारात असेल तर त्याच्याशी एकाच हंगामात काम जुळवून घेणं हा खर्च वाचवायचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला मार्ग आहे.

देखभाल करारात ‘९७ टक्के उपलब्धता’ असं लिहिलेलं असेल. ते छान वाटतं. पण ३ टक्के म्हणजे वर्षातले अकरा दिवस. ते वारा पडलेल्या महिन्यात गेले तर जवळपास काहीच बुडत नाही. ऐन हंगामात, पूर्ण जोराच्या वाऱ्यात गेले तर चार-पाच लाख युनिट जातात, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा दहावा भाग, आणि करार मात्र पाळला गेलेला असतो! म्हणून उपलब्धता तासांत नको, उर्जेत मोजा: त्या वाऱ्यात जेवढी वीज व्हायला हवी होती त्यातली किती झाली. शिवाय बिघाड कळवल्यापासून किती तासांत माणूस पोचेल, गिअरबॉक्स आणि पात्यांसारखे मोठे भाग करारात येतात का, आणि त्यासाठी लागणारी क्रेन कुणाच्या खर्चानं, हे स्पष्ट लिहून घ्या. टर्बाइनच्या नियंत्रण यंत्रणेतली सगळी माहिती संस्थेला मिळाली पाहिजे, कंपनीच्या कृपेवर नको.

टर्बाइनचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं धरतात. जमिनीचा करार त्याहून वर्ष-दोन वर्षं लांब ठेवा, कारण उतरवून जागा पूर्ववत करायलाही वेळ लागतो. त्यासाठीचा निधी कर्ज फिटायच्या आतच बाजूला टाकायला सुरुवात करा. मनोऱ्याचं पोलाद भंगारात जातं, पाती जात नाहीत. त्यांची विल्हेवाट आजही कटकटीची आहे.

राहिली जुनी टर्बाइन. तिला सरसकट नाही म्हणणार नाही. स्कॉटलंडच्या गीया बेटावरच्या लोकांनी २००२ मध्ये बेटच विकत घेतलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत २२५ किलोवॅटच्या तीन वापरलेल्या टर्बाइन आणून बसवल्या. त्यांना ‘नाचऱ्या बाया’ असं लाडाचं नावही पडलं. पण ते साधं, खूप संख्येनं विकलं गेलेलं मॉडेल होतं, सुटे भाग मिळत होते, आणि टर्बाइन छोट्या होत्या. तुम्हाला मिळणाऱ्या टर्बाइनबद्दल विक्रेत्याकडे या गोष्टी मागा: तिच्या नियंत्रण यंत्रणेतली आतापर्यंतची पूर्ण नोंद, गिअरबॉक्सच्या तेलाचे तपासणी अहवाल, पात्यांची जवळून काढलेली छायाचित्रं, आणि ती कुठल्या वाऱ्याच्या वर्गासाठी बनवली होती याचा कागद. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र संस्थेच्या मानकानुसार तिसऱ्या वर्गाची टर्बाइन सरासरी साडेसात मीटरपर्यंतच्या जागेसाठी असते, पहिल्या वर्गाची १० मीटरपर्यंत. सौम्य वाऱ्याची टर्बाइन खडतर टेकडीवर नेली तर ती आयुष्य पुरं करत नाही. उलट केलं तर टिकते, पण छोट्या पात्यांमुळे वीज कमी देते. ते मॉडेल बनवणारी कंपनी अजून भाग पुरवते का, तुमच्या वीज कंपनीचे आजचे ग्रिड नियम ती टर्बाइन पाळू शकते का, आणि उरलेल्या आयुष्याबद्दल स्वतंत्र अभियंता लिहून द्यायला तयार आहे का, हेही बघा. ग्रिडच्या नियमांवरच बऱ्याच जुन्या टर्बाइन बाद होतात, म्हणून बयाणा द्यायच्या आधी तेवढा एक कागद वीज कंपनीकडून आणाच. आणि विक्रेता ‘या महिन्यात घेतली नाही तर दुसरा नेईल’ म्हणाला तर नेऊ द्या. तुमची मोजणी पुरी होईपर्यंत बाजारात दुसरी येईल.